खांदा

"बाई, जरा खांदा द्या," कॅमेरामन म्हणाला आणि मी हातातला चहाचा ग्लास तसाच धरून उभी राहिले.

आमच्या सांगलीत खांदा एकाच प्रसंगी देतात, आणि तोही बायका देत नाहीत. मढच्या त्या बंगल्यात सकाळपासून कुणी गेलेलं नव्हतं. निदान मला तरी कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी गोंधळलेली बघून सहायक दिग्दर्शक असलेला एक पोरगा पुढे आला. त्यानं मला दोन्ही दंडांना धरून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं, वीतभर डावीकडे सरकवलं आणि म्हणाला, "आता हलू नका हां." समोर नायिका. कॅमेरा माझ्या मागून तिच्याकडे बघत होता. चौकटीच्या एका कडेला माझा खांदा, थोडा अंबाडा आणि कानातल्या कुडीचा एक मोती. एवढीच मी. या शॉटचं नाव ओव्हर द शोल्डर, सेटवरच्या भाषेत ओएस. त्या दिवशी माझे अकरा ओएस झाले आणि एक क्लोजअप. तो क्लोजअप पुढे एडिटिंगमध्ये उडाला.

साल १९९४. दूरदर्शनसाठी तेरा भागांची मालिका होती आणि मी नायिकेची मोठी जाऊ. रात्री एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. आमचे अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. दिवसभर वायद्याचे, पोत्यांचे, तोलाईचे आकडे लिहून दमलेला माणूस. त्यांनी विचारलं, "आज काय काम केलंस?"

"खांदा दिला."

बूथमधलं मीटर पळत होतं. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "कुणाला?"

हा किस्सा मी पुढे इतक्या मेकअप रूममध्ये सांगितलाय की आता तो सांगताना कुठे थांबायचं हेही पाठ झालंय. पण त्या दिवशी हसू आलं नव्हतं. सांगलीच्या पोराला बारशालाच सांगतात की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची चार वर्षं मी केलेली. तालीम घेणाऱ्या मास्तरांचा एकच धोशा असायचा, प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही. वळायचं असेल तर पुढून वळायचं. कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. आणि मुंबईत पहिल्याच दिवशी पाठ दाखवायचे चारशे रुपये ठरले होते.

ठरले होते म्हणते, कारण मिळाले पुढे कधीतरी. मुंबईला निघताना अण्णांनी लाल कापडी बांधणीची एक चोपडी दिली होती. रकाने त्यांनीच आखून दिले. तारीख, ठिकाण, रक्कम आणि शेवटी 'आले'. मालिकांच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. जानेवारीत केलेल्या कामाचा चेक एप्रिलमध्ये, तोही सगळं सुरळीत असेल तर. त्यामुळे शेवटचा रकाना कायम तीन महिने मागे. काही नोंदींपुढे आजही नुसती आडवी रेघ आहे. एका निर्मात्याकडे मी वर्षभर फोन केले. मग त्याचा फोन लागायचा बंद झाला, मग ऑफिसच्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं. अण्णांनी ती पानं बघितली आणि म्हणाले, "हळदीत असं चालत नाही. तिथं माल तरी परत आणता येतो." पुढे घरासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. मी चोपडी पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांनी उघडून दोन बोटांनीच मिटली. कर्ज मिळालं सहा वर्षांनी, नवऱ्याच्या स्लिपवर.

खांद्याचं काम मी शिकले ते मात्र सिनेमात, कोल्हापूरकडे. १९९१ साली 'माहेरची साडी' आली आणि तिच्यामुळे थिएटरं भरभरून वाहू लागली. त्यानंतरची काही वर्षं ज्याला त्याला सोसणारी सून आणि छळणारी सासू हवी होती. त्या दोघींच्या मध्ये एखादी वहिनी लागतेच. ती मी. तेव्हा सिनेमा फिल्मवर निघायचा. चारशे फुटांचं एक रीळ कॅमेऱ्यात चढवलं की ते साडेचार मिनिटांच्या आत संपतं. त्या कच्च्या फिल्मचा खर्च निर्मात्याच्या छातीवर बसलेला असायचा. म्हणून दिग्दर्शक कॅमेरा बंद ठेवून आठ-दहा तालमी घ्यायचा आणि मग एक टेक, फार तर दोन. तिसऱ्याला सगळं युनिट तुमच्याकडे असं बघायचं की तुम्ही देवळातली दानपेटी फोडताय.

आणि टेक जायचा कशानं? नायिकेचं सगळं उत्तम झालेलं असायचं, डोळ्यांतून पाणी नेमक्या शब्दाला आलेलं असायचं, आणि कॅमेरामन म्हणायचा, "खांदा हलला." म्हणजे मी श्वास घेतला. रंगभूमीवरची बाई छाती भरून श्वास घेते, तिचे खांदे उचलले जातात. तो शिरस्ता मोडायला मला दोन सिनेमे लागले. पोटातून श्वास घ्यायचा, समोरच्या नटीच्या वाक्याच्या मध्येच सोडायचा, मान किंचित कलती ठेवायची म्हणजे तिच्या चेहऱ्यावर आपली सावली पडत नाही, आणि वजन मागच्या पायावर. हे कुठल्याही शिबिरात शिकवत नाहीत. एका लाइटदादानं मला सांगितलं होतं, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात, थर्माकोलचा पत्रा उन्हाकडे धरून उभ्याउभ्या. "ताई, तुमची सावली हिरॉइनच्या नाकावर येतीया. नाक लई महाग हाय तिचं."

त्या गावात आमची मेकअप रूम म्हणजे एका घराची माजघराची खोली होती. घरातल्या सासूबाई दिवसभर उंबऱ्यात बसून आम्हाला रंगताना बघायच्या. संडास गावाबाहेर, म्हणजे नव्हताच. सकाळी सहाला घोटभर चहा आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत पाणी नाही, हा आम्हा बायकांचा नियम. आज व्हॅनिटी व्हॅन कुणाची किती मोठी यावर भांडणं होतात. मला त्या भांडणांचा राग येत नाही. दार आणि कडी असलेली जागा मिळावी म्हणून कुणी भांडत असेल तर भांडू दे बापडी.

मग १९९९ आलं आणि सगळ्यांचंच आयुष्य बदललं. त्याआधी दूरदर्शनवर 'दामिनी'नं रोजच्या मालिकेची सवय लावली होतीच. आता अल्फा मराठी आलं, 'आभाळमाया' आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आलं. ज्यांना महिन्यातून पाच दिवस काम नव्हतं त्यांना पंचवीस दिवस मिळायला लागलं. एक हिशोब अण्णांनीच मला करून दाखवला होता. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात. आठवड्याचे सहा भाग म्हणजे एकशे बत्तीस मिनिटं. "म्हणजे दर आठवड्याला तुम्ही एक सिनेमा काढता की गं," ते म्हणाले. "मग तो तसा दिसत का नाही?" आमच्या घरात परखड बोलायला कुणाची ना नव्हती.

त्याच सुमारास मी आई झाले. घरी नाही, घरी पोरगी आधीच शाळेत जात होती. पडद्यावर. प्रॉडक्शनमधून फोन आला, "मॅडम, आईचा रोल आहे. पण यंग आई हां." मी चौतीसची आणि माझा पडद्यावरचा मुलगा एकतीसचा. कानशिलांवर पांढऱ्या रंगाचे दोन फराटे मारले, चष्मा दिला, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, की झाली आई. आरशात बघितलं तर माझी आई बसलेली दिसली. पुरुष नटाला चाळिशीत प्रेमकथा मिळते आणि बाईला सुनेचं नाव विचारतात, हे रडगाणं तुम्ही ऐकलेलं असेल. ते खरं आहे, म्हणून इथंच सोडते. माझ्या पुरतं सांगायचं तर त्या पांढऱ्या फराट्यांनी मला पंधरा-सोळा वर्षं जेवू घातलं. आणि आईला ओएस फार. मुलगा रडतो, आईचा खांदा. सून भांडते, आईचा खांदा. शेवटी रिअ‍ॅक्शन म्हणून आईचा एक क्लोजअप, त्यात बोलायचं काही नाही, नुसतं डोळे भरून आणायचे. त्याच्यावर भाग संपतो.

रंग लावणारे सगळे मेकअपदादा, आणि केस करणाऱ्या सगळ्या ताया. याचं कारण विचारायचं मला वीस वर्षं सुचलं नाही. आमच्या एका सेटवर केशभूषा करणारी बाई होती, तिचा हात असा की चेहऱ्यावर नुसतं बोट फिरवलं तरी रंग बसायचा. दादा चहाला गेले की ती पटकन माझ्या डोळ्याखालचा काळा भाग सारखा करायची आणि ब्रश पदराखाली लपवायची. मी म्हटलं, "अगं, तूच कर की सगळं." ती म्हणाली, "कार्ड नाही मिळत बाईला." मुंबईतल्या मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेत बायकांना केशभूषेचंच कार्ड मिळायचं, रंगभूषेचं नाही. हा नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला २०१४ साली. पडद्यावर आम्ही तोवर अवकाशयानं उडवून झालो होतो. त्या बाईनं कार्ड काढलं तेव्हा पेढे वाटले. मी चोपडीत त्या तारखेला लिहून ठेवलंय.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

ओएस आणि क्लोजअपमध्ये एक फरक असतो. ओएसला तुम्ही चौकटीत असता, निदान खांद्यानं. समोरच्याचा निव्वळ क्लोजअप लागला की तुम्ही चौकटीच्या बाहेर. तेव्हा कॅमेऱ्याला चिकटून उभं राहायचं आणि आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे समोरच्याला बघायला डोळे मिळतात. याला क्यू देणं म्हणतात. तुम्ही दिसत नसता. बहुतेक वेळा तुमचा आवाजही तुमच्या स्वतःच्या शॉटमधला वापरतात. त्यामुळे ज्यांना जमतं ते निघून जातात आणि एखादा सहायक कागद हातात धरून "बाळा तू मला सोडून जाऊ नकोस पुढे" असं सपाट वाचून दाखवतो. "पुढे" हा शब्द वाक्यातला नसतो. तो त्याच्यासाठी असतो, पान उलटायचा.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका मालिकेत माझी सासू झालेल्या ताई होत्या. नाटकातलं मोठं नाव. शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग आणि बाकीचे दिवस शूटिंग. रात्रीचे दोन वाजलेले. ताईंचे सगळे शॉट संपले होते, गाडी दारात उभी, सकाळी साडेदहाला ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग. माझा एकच क्लोजअप राहिला होता. दिग्दर्शक त्यांना म्हणाला, "ताई, तुम्ही निघा, आम्ही करतो." त्या म्हणाल्या, "ही कुणाकडे बघणार?" आणि येऊन कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या नाही राहिल्या. दिवसभर जे त्यांनी स्वतःच्या क्लोजअपला दिलं नव्हतं ते मला दिलं. गळा दाटून आला, हात थरथरला, नाकातून पाणी. कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता. ती रडण्याची एवढी करामत जगात मी, कॅमेरामन आणि झोपेला आलेला बूमवाला अशा तिघांनीच बघितली. टेक झाला, त्यांनी पदरानं नाक पुसलं, "चला, पोहे मिळतील का रे," म्हणाल्या आणि गेल्या. तो माझा क्लोजअप लोकांना अजून आठवतो. मला त्याचं कौतुक कुणी केलं की मी ओशाळते.

म्हणून मी ठरवलं होतं की क्यू सोडून जायचं नाही. आणि बरीच वर्षं गेले नाही.

घोडबंदर रोडवरचा सेट, बारा तासांची शिफ्ट चौदाव्या तासात गेलेली. गुरुवार. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्या दिवशी सेटवर कुणीच कुणाशी नीट बोलत नाही. आकडे पडले होते, त्यामुळे संध्याकाळी ट्रॅक बदलला, नवा सीन लिहून फोनवर आला. नवीन पोरगी नायिका होती, लातूरकडची, तिसराच आठवडा. मला माझी मुलगी गेल्याचं कळतं आणि मी नायिकेला दोष देते असा सीन. माझं सगळं आधी घेतलं. तिचा क्लोजअप लागला तेव्हा मी माझ्या गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा खरंच दुखत होता, पण चालत गाडीपर्यंत जाण्याइतका बरा होता. दार बंद करताना मला मागून सहायकाचा आवाज ऐकू आला, "तुझ्यामुळे गेली माझी लेक पुढे."

दुसऱ्या दिवशी पोरगी काही बोलली नाही. "मॅडम, गुडघा कसा आहे?" एवढं विचारलं आणि तिच्या पिशवीतलं तेल दिलं. तो भाग मी टीव्हीवर बघितला. माझा क्लोजअप, तिचा क्लोजअप, माझा, तिचा. तिच्या डोळ्यांची बुबुळं बारीक हलताना दिसली. ती कागद वाचणाऱ्या पोराचा चेहरा टाळत होती. बघणाऱ्यांना ते अपराधीपण वाटलं असेल, अभिनय म्हणून चाललंही असेल. मला माहीत होतं काय होतं ते. आज ती सिनेमात चांगलं काम करते. भेटली की वाकून नमस्कार करते आणि मी दर वेळी तिला मध्येच धरून उभी करते.

त्या मालिकेत पुढे मी मेले. सीन एका दिवसात उरकला. रीतीप्रमाणे डोळे मिटून झोपायचं शूट झाल्यावर मला उठवून कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं, अपशकुन नको म्हणून. हार घातलेला फोटो भिंतीवर लागला आणि तो दोन वर्षं तिथं होता. प्रत्येक सणाला त्याच्यापुढे दिवा लागायचा, नायिका त्याच्याशी बोलायची, एकदा तर माझ्या फोटोचा ओएस घेतला. मी हिशोब विचारला, गमतीनंच. शेड्यूल लावणारा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, फोटोचं पेमेंट नसतं."

१९ मार्च २०२० ला शूटिंगं थांबली. जूनच्या अखेरीस परत सुरू झाली तेव्हा सेट ओळखू येईना. मास्क, फवारे, जेवण पाकिटात. पासष्टीच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. माझे पडद्यावरचे सासरे अडुसष्टचे, ते घरी आणि मालिकेत "बाबा काशीला गेलेत." ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली तेव्हा ते काशीहून परत आले, चार किलो कमी होऊन. मला म्हणाले, "विषाणूनं नसतो मेलो, रिकाम्या बसण्यानं मेलो असतो."

अंतर ठेवायचं म्हणून ओएस बंद झाले. काही दिवसांनी कॅमेरामननं शक्कल काढली. लाइटच्या स्टँडला आडवी काठी बांधली, वरून माझी साडी, त्यावर अंबाड्याचा टोप. चौकटीच्या कडेला तेवढंच दिसायचं. मी सहा फुटांवर खुर्चीत बसून बघत होते. तो खांदा माझ्यापेक्षा बरा होता. श्वास घेत नव्हता. पण समोरची मुलगी वाक्य म्हणता म्हणता थांबली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जरा याच्या मागे उभ्या राहाल का? नुसत्या." मी राहिले, मास्क लावून, सहा फूट मोजून.

पुढच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा बंद झालं आणि मालिका गाठोडी बांधून राज्याबाहेर पडल्या. कुणी गोव्याला, कुणी दमणला, आम्ही सिल्व्हासाला. रिसॉर्टच्या जेवणघरात पुण्यातला वाडा उभा केला. देवघर होतं ते पूर्वी आइस्क्रीमचं काउंटर. मे महिन्यात गोव्यानंही परवानग्या काढून घेतल्या आणि तिथल्या युनिटांचे फोन आमच्याकडे यायला लागले, जागा आहे का म्हणून. महिनाभर घरी कुणी जाऊ शकत नव्हतं. रात्री जेवणं झाली की ड्रेसदादा, स्पॉटदादा, नायक, खलनायिका सगळे एका ओळीत बसून आपापल्या घरी व्हिडिओ कॉल करायचे. त्याच महिन्यात अण्णा गेले. सांगलीला पोहोचायला वेळच नव्हता, आणि पोहोचले असते तरी त्या दिवसांत माणसं लांबूनच बघत होती. भावानं फोन धरून दाखवलं. महापालिकेची चार माणसं होती, पांढऱ्या पोशाखातली.

सकाळी सातचा कॉल होता. मी गेले. काही सांगितलं नाही, पण मेकअपदादांना कळलं असावं, त्यांनी डोळ्यांखाली जास्त वेळ लावला.

गेल्या वर्षी माझा उजवा हात वर जाईना. पदर घेताना जीव जायचा. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, वर्ष-दीड वर्ष खाईल, खांद्याला जपा. आमच्या आत्याबाई असत्या तर खांदा आखडलाय एवढंच म्हणाल्या असत्या आणि हळद-चुना लावला असता. हळद मला वासानंच नको होते अजून. मी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करते, रोज एक टिंब वर. चोपडीच्या मागच्या पानांत टिंबांच्या तारखा आहेत.

परवा भिंतीशी उभी असतानाच फोन वाजला. नवीन मालिका, प्रॉडक्शनमधला मुलगा घाबरत घाबरत बोलत होता. "मॅडम, एकच दिवस आहे. तुमच्या लेव्हलचं काम नाहीये, खरं सांगतो. आजीचा रोल आहे, हिरॉइन नवीन आहे, सगळे क्लोजअप तिचेच. तुमचे नुसते ओएस असतील, आणि क्यू. चालेल का?"

मी विचारलं, "उजवा की डावा?"